तिसाव्या रोज्याच्या खारका

दूध फाटते तेव्हा आधी कडेला फाटते. पातेल्याच्या मधोमध साय अजून सपाट असते, तिच्यावर तुपाचे दोन-तीन पिवळे ठिपके जागच्या जागी असतात, आणि कडेच्या बोटभर पट्ट्यात मोहरीएवढे पांढरे कण दिसू लागतात. कणांच्या मधले पाणी हिरवट असते. त्या सकाळी हे मला दिसले तेव्हा साडेसहा वाजायला आले होते. मी पळी उचलली नाही. ढवळून काही थांबणार नव्हते. मी पाहत राहिले. पट्टा दोन बोटे झाला, मग साय मधून दुभंगली आणि तीन शेर दुधाचा चोथा आणि पाणी झाले.

"अम्मा," मी हाक मारली, "दूध फाटलं."

ती १९४७ सालची रमजान ईद होती. आमचे घर तिसगावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. माझे वडील कमरुद्दीन मास्तर लोकल बोर्डाच्या शाळेत सव्वीस वर्षे शिकवून चार वर्षांपूर्वी वारले होते. घरात आई बद्रुन्निसा, थोरला भाऊ महमूद आणि त्याची बायको जहिरा अशी तीन माणसे. मी, धाकटी सरवरी, नगरला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते आणि सणासाठी शनिवारी मोटारीने आले होते. घरात आम्ही दखनी बोलायचो. इथे ते बोलणे मराठीत लिहिते आहे.

पातेल्यात होता तो शीरखुर्मा. ईदच्या सकाळी नमाजला जाण्यापूर्वी गोड खाऊन जायचे असते, आणि आमच्या घरात ते गोड म्हणजे हाच. अम्मा उन्हाळ्यात पाटावर शेवया वळून दोरीवर वाळवायची. ईदच्या दिवशी त्या तुपात भाजायच्या, दूध आटवायचे, त्यात भिजवलेल्या खारका, चारोळी, खोबरे आणि शेवटी शेवया. मला आठवते तेव्हापासून यात बदल नव्हता.

महमूदभाई आतल्या खोलीतून आला. नवा सदरा घातला होता, कानामागे अत्तराचा फाया होता. त्याने पातेल्यात वाकून पाहिले.

"दूध कुणाचं?"

"गोरक्षचं," मी म्हणाले. "दर वर्षी त्याचंच असतं."

"दर वर्षीची गोष्ट वेगळी होती."

जहिराभाभी दुसऱ्या चुलीवर शेवया परतत होती. तिचा उलथण्याचा हात थांबला. मोरीतून अम्मा बाहेर आली. तिचे केस ओले होते. तिने चोथ्याकडे पाहिले, मग महमूदकडे, आणि ती गप्प राहिली.

मी वाट पाहत होते. गोरक्ष वडिलांचा विद्यार्थी. त्याच्या आईपासून, बनुबाईपासून, तीस वर्षे आमच्याकडे त्यांच्याच गोठ्यातले दूध येत होते. अम्मा आता म्हणेल, काहीतरी बोलू नकोस महमूद, त्याचं नाव घेऊ नकोस. तिने पदराने केस पुसले आणि नजर खाली घातली.

"मांजरालासुद्धा घालू नका," महमूद म्हणाला. "त्याने काय टाकलंय कुणास ठाऊक. आणि साहेब अजून फिरकले नाहीत, लक्षात आलं का? एरवी उजाडायच्या आत वाटीसाठी ओट्यावर येऊन बसायचे."

हे खरे होते. बनुबाई आमच्या घरचे शिजलेले खात नसे. तिच्यासाठी कोरा शिधा जायचा, म्हणजे कोरड्या शेवया आणि साखर. ती आपल्या चुलीवर आपल्या दुधात शिजवून घ्यायची. असा शिधा गावातल्या आठ घरी जात असे. गोरक्ष मात्र लहानपणापासून आमच्या ओट्यावर बसून वाटीभर शीरखुर्मा खायचा, तोंड पुसायचा, आणि आईचा शिधा घेऊन साळसूदपणे घरी जायचा. त्या दिवशी पहाटे दूध दारात ठेवून तो तसाच गेला होता. हाक मारली होती, पण कुणी बाहेर जाईपर्यंत वळला होता.

महमूदने कोनाड्यातली एक कोरडी खारीक तोंडात टाकली. गोड खायचा रिवाज त्याने असा उरकला. दारात थांबून तो म्हणाला, "अम्मा, नमाजहून आलो की उत्तर दे. तू ईदपर्यंत थांब म्हणालीस, मी थांबलो. आता तरी."

हे उत्तर कशाचे, ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. जहिराभाभीचा भाऊ लढाईच्या काळात कराचीला बंदरात नोकरीला लागला होता. जूनपासून त्याची चार पत्रे आली होती. या, इथे जागा आहे, उशीर करू नका. महमूदचे बाजारात कापडाचे दुकान होते. त्याच्या दुकानाच्या फळीवर जुलैमध्ये कुणीतरी कोळशाने काही लिहिले. ते त्याने कुणाला वाचू न देता पुसले आणि त्या दिवसापासून तो जायचे म्हणू लागला. घर आणि वडिलांची चार एकर जमीन अम्माच्या नावावर होती. तिने हो म्हटल्याशिवाय काही विकता येत नव्हते, आणि ती महिनाभर हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

ती हो म्हणाली असती तर मलाही जावे लागले असते. माझे लग्न झालेले नव्हते. एकटी मुलगी मागे ठेवून आई बोटीत बसणार नाही, हे उघड होते. त्या जूनमध्ये माझ्या शाळेने शास्त्रासाठी काचेचे कपाट घेतले होते. त्यात बारा परीक्षानळ्या, दोन चंचुपात्रे आणि एक तराजू होता. कपाटाची किल्ली माझ्या बटव्यात होती. शनिवारी निघताना ती मुख्याध्यापिकांकडे ठेवून यावी की काय, असा विचार माझ्या मनात आला होता. मी ती बरोबर घेऊन आले होते.

भाई गेल्यावर मी फळीवरची चरवी खाली काढली. पहाटेच्या चार शेर दुधातले शेरभर मी चहासाठी बाजूला ठेवले होते. एकाच चरवीतले, एकाच धारेचे दूध. मी एक लहान पातेले राखेने घासले, तीन पाण्यांनी धुतले, कोरडे केले आणि त्यात ते दूध चुलीवर ठेवले.

मी हे गोरक्षला सोडवण्यासाठी केले, असे म्हणायला मला आवडले असते. तसे नव्हते. अम्मा गप्प राहिल्यावर मलाही वाटू लागले होते की दुधात काही असेल. मला ते पकडायचे होते.

दूध वर आले. मी ते खाली उतरवले, पुन्हा चढवले, तीनदा उकळी आणली. पेल्यात ओतून दाराच्या उजेडात धरले. पेल्याच्या काचेवर दुधाचा एकसारखा थर राहिला; एक कण नाही.

"चहा ठेवलात का?" जहिराभाभीने मागून विचारले.

"नाही. बघत होते."

"काय?"

"दूध."

"दुधात काय बघायचं असतं? पांढरं असतं." ती तिरकस हसली. "नगरच्या शाळेत चोर पकडायलापण शिकवतात वाटतं."

मोठे पातेले रिकामे करून आतून पाहिले. कल्हई रमजान लागताना केलेली, कुठेही तांबे उघडे पडलेले नव्हते. भाजलेल्या चिमूटभर शेवया चमच्यातल्या गरम दुधात टाकल्या. काही झाले नाही. चारोळी टाकली. काही झाले नाही. साखर पाहावी म्हणून डबा उघडला.

डबा रिकामा होता.

भाईने रेशनची साखर गेल्या आठवड्यात आणली होती. पूर्ण महिन्याची, सणासाठी जपून ठेवलेली. शनिवारी मी आले तेव्हा डबा उचलून पाहिला होता, जड होता.

"भाभी, साखर कुठे गेली?"

"मला काय विचारता? किल्ल्या माझ्याकडे असतात का?"

"मग शीरखुर्म्यात काय घातलं?"

"मी शेवया भाजत होते. माझं लक्ष शेवयांकडे होतं." तिने कढईवर झाकण ठेवले, गरजेपेक्षा जोरात.

पुसायला फडके हवे होते म्हणून मी कणगीमागे हात घातला. तिथे एक पाटी होती, वर गोणपाट टाकलेले. गोणपाट उचलले तर खाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेल्या पुरचुंड्या. एक दाबून पाहिली. शेवयांचा चुरचुर आवाज आला आणि बोटाला साखरेचा खरखरीतपणा लागला. मी गोणपाट पुन्हा तसेच टाकले.

शेवया महिनोन् महिने टिकतात. बोटीत, गाडीत, परक्या गावात, जिथे चूल मिळेल तिथे शिजवता येतात. म्हणजे सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. अम्माच्या उत्तराची वाट पाहणे हे नुसते वरवरचे होते.

मी बाहेर येऊन चुलीपुढे बसले आणि भाभीकडे न पाहता विचारले, "कधी निघायचं ठरलंय?"

तिचा हात कढईवरच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने 'कोण निघतंय' असे विचारले नाही. हे माझ्या ध्यानात आले.

"कुणी नाही. कळलं."

"ठरलेलं नाही काही," ती घाईने म्हणाली. "त्यांनी मोटारवाल्याला नुसतं विचारलंय. बुधवारी सामान जाईल का म्हणून. तुम्ही अम्मांना सांगू नका, आजच्या दिवशी तरी. घरात भांडण नको." मग थोड्या वेळाने, "मला कुणी विचारलंय का, जायचं का म्हणून? माझा भाऊ तिथं आहे म्हणून सगळ्यांना वाटतं मीच पेटी बांधून बसलेय."

तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, मला ठरवता येईना. तिने पाटीकडे एकदाही पाहिले नव्हते. ज्याने काही लपवले आहे तो त्या बाजूला बघायचे टाळतो; ज्याला काही ठाऊकच नाही तोही बघत नाही. दोन्हींत फरक कसा करायचा?

एकच जिन्नस उरला होता. खारका ज्या वाडग्यात भिजवल्या होत्या तो वाडगा मोरीजवळ पडला होता. तळाशी दोन चमचे पाणी होते, चहाच्या रंगाचे. कडेला बारीक बुडबुड्यांची रेघ होती. ते थोडे हलवल्यावर आणखी दोन-तीन बुडबुडे सावकाश वर आले.

मी पेल्यातले दूध पुन्हा गरम केले आणि त्यात एक चमचा ते पाणी घातले. पंधरा मोजायच्या आत कडेला कण आले.

उरलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेवर ठेवले. आधी गोड, मग आंबट. गूळ.

"भाभी, खारका गुळाच्या पाण्यात कशाला भिजवल्या?"

"मी?"

"दर वर्षी तुम्हीच भिजवता."

"यंदा अम्मांनी मला हातसुद्धा लावू दिला नाही. शनिवारीच त्यांनी स्वतः भिजवल्या. मी म्हटलं, अजून चाँद दिसला नाही, उद्या भिजवू. तर म्हणाल्या, दिसेल, आज एकोणतीस झालेत."

शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे माळवदावर उभे होतो. पश्चिमेला काळे ढग होते. चाँद दिसला नाही, नगरहूनही काही निरोप आला नाही, आणि रविवारी तिसावा रोजा धरावा लागला. म्हणजे शनिवारी सांजेपासून सोमवारी सकाळपर्यंत छत्तीस तास त्या खारका गुळाच्या पाण्यात, झाकणाखाली, श्रावणाच्या दमट हवेत होत्या. एक रात्र भिजल्या असत्या तर काही झाले नसते. आणि रविवारी रोजा असल्यामुळे कुणी चाखून पाहिले नाही. संध्याकाळी रोजा सोडल्यावर कुणाला आठवण राहिली नाही. सकाळी अम्माने वाडगा तसाच पातेल्यात उपडा केला. पाण्यासकट, कारण यंदाचा गोडवा त्या पाण्यातच होता.

माझे गणित जुळले. पण त्यात एक गोष्ट बसत नव्हती. अम्मा गूळ का वापरेल?

मी कणगीमागे परत गेले आणि या वेळी पुरचुंड्या मोजल्या. आठ होत्या.

कराचीला जाणाऱ्याला आठ वेगळ्या पुरचुंड्या कशाला लागतील? ती आठ घरे होती. ईदच्या दहा दिवस आधी महमूदने सांगितले होते, यंदा कुणाकडे काही पाठवायचे नाही, कुणाच्या मनात काय आहे ते दिसतेच आहे. तेव्हाही अम्मा काही बोलली नव्हती.

म्हणजे साखर तिने घेतली, लपवून. हे मला कळले आणि जिवाला बरे वाटले नाही, उलट आणखी एक प्रश्न उभा राहिला. भाईने गोरक्षचे नाव घेतले तेव्हा ती गप्प का बसली? दूध कशाने फाटले हे तिला ठाऊक होते, आणि आपल्या पुरचुंड्या उघड्या पडू नयेत म्हणून तिने आळ त्याच्यावर जाऊ दिला? की तिला हवेच होते असे काहीतरी, हो म्हणायला एखादे कारण? माझ्या आईबद्दल मी असा विचार करत होते. आतल्या खोलीत ती चटईवर बसली होती, हातात तसबीह होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. मी दारात उभी राहिले. ती वर पाहील असे वाटले. तिने पाहिले नाही. मी विचारले नाही.

ईदगाहहून माणसे परतू लागल्याचा आवाज आला. गल्लीत गळाभेटी चालल्या होत्या. महमूद आला. त्याच्या मागोमाग, जणू त्याची वाट पाहून निघाल्यासारखा, गोरक्ष ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. धुतलेली टोपी, हातात झाकलेला तांब्या.

"ईद मुबारक, मास्तरीणबाई!" त्याने बाहेरूनच अम्माला आवाज दिला. "उशीर झाला, पर वाटी ठिवली आसंल माजी. आन आयनं इचारलंय, यंदा शेवया बारीक हायत का जाड? गेल्या साली म्हनली, मास्तरीणबाईंची बोटं जाड झाली."

कुणी हसले नाही. महमूद ओट्यावर त्याच्यासमोर उभा राहिला.

"तांब्यात काय?"

"चीक. धाकटी म्हस याली पहाटं. रेडी झाली. म्हनून तर दूध ठिवून पळालो, न्हाईतर थांबलो नसतो व्हय?"

"चीक," महमूद म्हणाला. "आणि तो आमच्या दुधात किती घातलास?"

गोरक्षला कळायला वेळ लागला. "न्हाई, न्हाई. तुमचं दूध थोरलीचं. धाकटीला हात लावायच्या आदी काडलंय. का? नासलं का काय?"

महमूद आत गेला आणि चोथ्याचे पातेले घेऊन आला. त्याने एक वाटी भरली, हिरवट पाण्यासकट, आणि पुढे केली.

"पी."

"महमूदभाऊ..."

"तुझंच दूध आहे. पी."

गोरक्षने वाटीकडे पाहिले, मग महमूदकडे. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मी पाचवीत असताना तो सातवीत होता. वडिलांनी छडी मारली की असाच बघायचा, रडायचा नाही.

"भूक लागली आसंल म्हनून देतुयास," तो म्हणाला, "का मी पडतुय का न्हाई ते बगाया?"

गोरक्षने वाटी तोंडाला लावली आणि सगळी प्याली. शेवटचा चोथा बोटाने पुसून खाल्ला, जसा दर वर्षी शेवया खायचा.

"आंबाट हाय," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाई."

"दूध चांगलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मला स्वतःला मोठा वाटला. "त्याच चरवीतलं मी वेगळं उकळलं, भाई. तीनदा. फाटलं नाही."

"मग हे कशानं फाटलं?"

मी बोलायला तोंड उघडले आणि थांबले. पुढचे वाक्य माझ्या आईविरुद्ध होते, आणि ते दारासमोर, परक्या माणसापुढे, सणाच्या दिवशी बोलायचे होते. महमूद माझ्याकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत आता माझ्याबद्दलचा संशय होता. त्याला वाटले असणार, मी गोरक्षला वाचवायला रचून सांगते आहे.

"खारकांनी," अम्मा मागून म्हणाली.

ती दारात उभी होती. तिच्या हातात ती पाटी होती.

"साखर यात आहे. घरासाठी गूळ वापरला. खारका गुळाच्या पाण्यात टाकल्या, शनिवारी. आत्ता सरवरी वाडगा चाखत होती, तेव्हा आतून मला दिसलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"आणि सकाळी?" महमूदने विचारले. "सकाळी मी याचं नाव घेतलं तेव्हा?"

अम्माने पाटी ओट्यावर ठेवली. तिने महमूदकडे नाही, गोरक्षकडे पाहून उत्तर दिले.

"सकाळी मलाही वाटलं, यानेच काही टाकलं."

गोरक्षने मान खाली घातली आणि तांब्याचे झाकण नीट बसवू लागला. ते नीटच बसलेले होते.

"तीस वर्षं याच्या घरचं दूध पिते," अम्मा म्हणाली. "आणि तीन दिवसांत मला असं वाटायला लागलं." चावडीवर नवा झेंडा लागून त्या दिवशी तीन दिवस झाले होते.

तिने पाटीतली एक पुरचुंडी उचलून त्याच्या हातात दिली. "बनुबाईला सांग, यंदा साखर थोडी आहे. आणि मी आत्ता काय बोलले तेही सांग."

"साखरंचं सांगतो," गोरक्ष म्हणाला. "दुसरं न्हाई सांगत." त्याने तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला. "ह्यो आजच शिजवा. उद्या टिकायचा न्हाई." एरवी तो तिथे तासभर बसायचा. त्या दिवशी तो बसला नाही. गल्लीच्या वळणापर्यंत मी त्याची टोपी पाहत होते. त्याने वळून पाहिले नाही.

आम्ही चौघे ओट्यावर उरलो. जहिराभाभीने पाटीतल्या सात पुरचुंड्यांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी तिला काय समजले होते हे तिला आता कळले होते.

"यानं काही बदलत नाही, अम्मा," महमूद हळू म्हणाला. "आज खोट दुधात निघाली नाही, उद्या दुसऱ्या कशात निघेल. तूच म्हणालीस, तुलाही तसंच वाटलं. असं एकमेकांकडे बघत किती दिवस राहायचं?"

"दुकानाच्या फळीवर काय लिहिलं होतं?" अम्माने विचारले.

त्याने ते अजून कुणालाच सांगितले नव्हते. तो खांबाला टेकला. "'कधी जाणार?' एवढंच. अक्षर ओळखीचं वाटलं. अब्बांच्या शाळेतलं वळण होतं."

हे ऐकून अम्मा खाली बसली. मला वाटले, आता ती हो म्हणेल. माझा हात बटव्यावर गेला. आतली किल्ली कापडावरून लागत होती. तिने पाटीवरचे गोणपाट काढले, घडी घातली, मांडीवर ठेवले. पुरचुंड्या एकेक करून मांडल्या, घरांच्या क्रमाने, बाजाराकडून वेशीकडे.

"महमूद, नमाज झाली का?"

"झाली."

"मग ऐक." ती हळू बोलत होती, पण गल्लीत ऐकू जाईल असे. "कराचीत दूध फाटलं तर मला गवळ्याचं नावही ठाऊक नसेल. कुणाला वाटी प्यायला लावणार तू? तुझं मन निघालंय, ते मला दिसतं. तुला मी अडवणार नाही. जहिराला विचार, तिला खरंच विचार, आणि मग जायचं तर जा. दुकान विक, भांडी ने, माझी दुवा ने. सरवरीचं सरवरी सांगेल. घर आणि जमीन मी विकणार नाही. मी जाणार नाही."